माशाने संकट घेतलं म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या शेजारी वास्तुशांत झाली. घर छान बांधलंय, हवा खेळती आहे, ओटीवर झोपाळा आहे. आलेल्या भेटींमध्ये भिंतीवरची चार घड्याळं, दोन गणपती आणि एक दोन फुटी काचेची टाकी होती. टाकीत निळे खडे, तोंड उघडझाप करणारा प्लास्टिकचा शिंपला आणि मागच्या काचेवर समुद्रातल्या प्रवाळाचं चित्र. (गोड्या पाण्यातल्या माशांच्या पाठीमागे समुद्राचं चित्र का चिकटवतात हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.) आणि मासे नऊ. आठ सोनेरी गोल्डफिश, एक काळा. हा आकडा दुकानदाराने सांगितलेला. आठ लक्ष्मीसाठी, आणि नववा काळा घरावरची नजर घ्यायला.

नवव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, उलट जरासं समाधानच होतं. म्हणाल्या, "भाऊजी, सहा गेले. पण बरंच झालं म्हणतात. घरावर काहीतरी येणार होतं, ते त्यांनी घेतलं."

मी म्हणालो, "वहिनी, त्यांनी काही घेतलं नाही. स्वतःच्याच घाणीत गुदमरून मेले ते."

वाक्य खरं होतं, वेळ चुकीची होती. त्यांच्या सासूबाईही मागोमाग आल्या होत्या. नव्या घराबद्दल असं बोलतात का, यावर मला जे ऐकावं लागलं ते इथे देत नाही. पण तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते आज लिहून टाकतो.

"मासा मरतो तेव्हा घरावरचं संकट स्वतःवर घेऊन मरतो." हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल तर तुम्ही कधी मासे पाळलेले नाहीत. हे कर्जतला ऐकलंय, डोंबिवलीला ऐकलंय, शिकल्यासवरलेल्या इंजिनिअरच्या तोंडून ऐकलंय. माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य निरुपद्रवी नाही. इतके मासे दुसऱ्या कुठल्याही रोगाने मरत नसतील.

आधी ते सहा मासे का गेले ते सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे हिशोबाने ५६ लिटर. खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली तर पंचेचाळीसच्या आसपास. मासा खातो आणि त्याच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. टाकीत तो साठतो. तो खाणारे जिवाणू निसर्गात असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, ते माशाच्या रक्ताला प्राणवायू धरू देत नाही म्हणून तेही विषच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. पण हे जिवाणू नव्या कोऱ्या टाकीत नसतात. ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर हळूहळू वस्ती करतात आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी म्हणजे संडास नसलेलं घर. त्यात तुम्ही पहिल्याच दिवशी नऊ पाहुणे कोंडलेत, आणि तेही गोल्डफिश, जे सगळ्या पाळीव माशांत भरपूर खाणारे आणि भरपूर घाण करणारे.

त्यात आमच्याकडचं बोअरचं पाणी. आमच्या घरच्या बोअरचा सामू पट्टीवर आठच्या आसपास दाखवतो. सामू सात असेल तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी शंभरातला जेमतेम अर्धा-पाऊण भाग खऱ्या विषारी रूपात असतो. आठ झाला की तोच पाच-साडेपाच भाग. म्हणजे तितक्याच घाणीचं विष दहापट! मासे वर येऊन तोंड उघडतात, कल्ले लाल होतात, तळाशी पडून राहतात, मग जातात. चौथ्या दिवसापासून दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत.

आता गंमत बघा. टाकी घरात कधी येते? वास्तुशांतीला, दुकानाच्या उद्घाटनाला, लग्न झाल्यावर, बढती मिळाल्यावर. म्हणजे नेमकं त्याच वेळी, जेव्हा माणसाच्या मनात 'कुणाची नजर तर लागणार नाही ना' ही धास्ती असते. आणि मासे मरायचा मुहूर्तही नेमका त्यानंतरचा पंधरवडा. जिवाणूंचं वेळापत्रक आणि आपल्या भीतीचं वेळापत्रक जुळतं, आणि आपण म्हणतो, बघा, घेतलं!

पण हे सगळं शहाणपण मी कोणत्या तोंडाने सांगतोय? आता स्वतःचं सांगतो.

२००७ सालचा जुलै. माझी टाकी तेव्हा दोन वर्षांची, व्यवस्थित बसलेली. चौदा मासे होते. त्या पावसात अण्णांना काविळीने धरलं. धो धो पाऊस, दिवसदिवस वीज नाही, मी इस्पितळ आणि घर अशा फेऱ्या मारत होतो. गावात दोन-चार घरांत पोटाचे विकार चालू होते, म्हणून पाण्याच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नेहमीपेक्षा जास्त पडत होती. ती पडायलाच हवी होती, माणसं तिच्यामुळेच वाचतात. एका रात्री घरी आलो तर माशांच्या पाण्याला वास येत होता. मी झोपेतच अर्धं पाणी काढलं, नळाचं तसंच भरलं, आणि फिल्टरचा स्पंज त्याच नळाखाली खसाखसा धुतला. क्लोरीन मारणारा हायपो कपाटात होता. (पूर्वी फोटोग्राफर लोक डार्करूममध्ये वापरायचे तोच हायपो. चार खडे टाकले की काम होतं.) मी टाकला नाही. आठवणच झाली नाही.

सकाळी अकरा मासे मेलेले. क्लोरीनने कल्ले जाळले आणि दोन वर्षांची जिवाणूंची वस्ती मी एका रात्रीत धुऊन टाकली.

त्याच सकाळी नेरळहून आत्या आली होती. तिने टाकी बघितली, हात जोडले आणि म्हणाली, "दादावरचं यांनी घेतलं बाबा. आता दादाला काही होत नाही." आणि खरंच, अण्णांचा ताप त्याच दिवसापासून उतरायला लागला. आठवडाभरात घरी आले. आत्याने त्यांना सांगितलं. अण्णा तसे काही फार देवदेव करणारे नव्हते, पण त्यानंतर सकाळी पेपर घेऊन बसायच्या आधी टाकीसमोर एकदा उभे राहायचे. आल्यागेल्याला सांगायचे, "माझ्या वाटणीचं या बिचाऱ्यांनी घेतलं." मी तिथेच बसलेला असायचो.

यातही योगायोग म्हणावा असं काहीच नव्हतं, हे मला फार उशिरा सुचलं. पावसाळ्यात पाणी खराब होतं म्हणून माणसं आजारी पडतात. पाणी खराब होतं म्हणून टीसीएल वाढते. टीसीएल वाढते म्हणून मासे मरतात. वीज जाते, पंप बंद पडतो, पाण्यातला प्राणवायू घटतो. घरात आजारपण आलं की माशांकडे बघायला कुणी नसतं, किंवा प्रत्येक जण 'आज कुणी घातलं नसेल' म्हणून खाणं टाकून जातो. तेव्हा घरातलं आजारपण आणि माशांचं मरण बरोबर येतं हे अगदी खरं आहे. एकाच पाण्याची ती दोन टोकं आहेत. त्यात देवाणघेवाण कसलीच नाही.

वायरिंगच्या कामाला त्या काळात आमच्याकडे जवळच्या ठाकरवाडीवरचा एक माणूस यायचा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरण्यात त्याचा हातखंडा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पहिला पूर आला की नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध ओढ्याओहोळांतून, पार भाताच्या खाचरांपर्यंत चढतात, ती वलगण. आमची पेज तर भिवपुरीच्या टाटांच्या वीजघराचं पाणी मिळतं म्हणून उन्हाळ्यातही वाहती. त्या नदीवर वाढलेला हा माणूस माझ्या टाकीसमोर उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला आणि त्याने विचारलं, "हे हगतात-मुततात, ते जातं कुठं?"

मासे पाळणाऱ्या, टाकी भेट देणाऱ्या, वास्तूच्या कोपऱ्याची दिशा विचारणाऱ्या इतक्या लोकांना मी भेटलो. हा प्रश्न मला फक्त त्याने विचारला. पाण्याची दिशा सगळे विचारतात, ईशान्य की उत्तर!

आता दुकानदाराकडे येऊ. मी सगळ्यांना नावं ठेवत नाही, माहीतगार आणि प्रामाणिक माणसं या धंद्यात आहेत, मला अर्धं शिक्षण त्यांनीच दिलं. पण जरा विचार करा, असा दुसरा कुठला धंदा आहे जिथे माल आठ दिवसांत मोडला तर गिऱ्हाईक आभार मानून नवा माल न्यायला येतं? फ्रीज बंद पडला तर 'घरावरचं घेतलं' म्हणतो का आपण? म्हैस मेली तर? म्हैस मेली की घरात रडारड होते, डॉक्टरला शिव्या पडतात, काय खाल्लं होतं याची चौकशी होते. कारण म्हशीला किंमत आहे. मासा जोडीवर मिळतो, पिशवीत घालून रबर लावून मिळतो, म्हणून त्याचं मरण पवित्र करायला आपलं काहीच जात नाही. स्वस्तातलं बलिदान!

आणि हे बलिदानसुद्धा माणूस बघून ठरतं. आमच्या भागात मुंबईकरांचे बंगले आणि फार्महाउसं भरपूर. मालक शनिवार-रविवार येतात, बाकी पाच दिवस गावातलाच कुणीतरी राखणदार. त्यातल्या एका राखणदाराने मला बोलावून नेलं होतं. मोठी चार फुटी टाकी, सगळे मासे उलटे. मालकाने फोनवर सांगितलं होतं, 'उपाशी मारलंस माझ्या माशांना.' मी तळ बघितला तर न खाल्लेल्या दाण्यांचा बोटभर थर सडलेला. बिचारा मालकाच्या भीतीने दिवसातून चार वेळा मूठमूठ घालत होता! मालकाच्या हातून मेला असता तर मासा संकट घेऊन गेला असता. राखणदाराच्या हातून मेला म्हणून तो निष्काळजीपणा, पगारातून कापायचा.

गोल्डफिश दोन महिन्यांचाच पाहुणा असतो, असं आपण मानून चाललोय. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये टिश नावाचा गोल्डफिश होता, १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला. तो १९९९ साली गेला, ४३ वर्षांचा होऊन. हा विक्रम सोडा, पण बरी टाकी मिळाली तर दहा-पंधरा वर्षं हा मासा सहज जगतो आणि वीतभर होतो. त्या घरावर ४३ वर्षांत एकही संकट आलं नसेल का? की टिश कामचुकार होता?

एक जुनी गोष्ट. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या टाकीत पाणवनस्पती, गोगलगायी आणि मासे मिळून टिकतात का याचा प्रयोग लिहून काढला. घरात मासे पाळण्याच्या छंदाची सुरुवात साधारण इथून धरतात. त्याने किती मासे घेतले होते? दोन. लहान गोल्डफिश, फक्त दोन. त्यालाही 'ते जातं कुठं' हाच प्रश्न पडला होता.

संकटवाल्या वाक्याचं मोठं नुकसान हे की ते चौकशीच संपवतं. मिश्र टाकीत तर रोज एक नवं संकट टळतं. एंजल आणि निऑन टेट्रा एकत्र ठेवले, महिन्याभरात दहाचे चार निऑन उरले. कुणाचं संकट? एंजल वाढला आणि त्याने रात्री ते गिळले, बस्स. गप्पींबरोबर टायगर बार्ब सोडले, गप्पींच्या शेपट्या कुरतडल्या गेल्या, बुरशी आली, मेले. गोल्डफिशला गार पाणी मानवतं आणि डिस्कसला २८-३० अंश लागतात, तरी दोघं एका पिशवीतून येतात. 'काच साफ ठेवतो' म्हणून बोटाएवढा सकर घेतला, तो फूट-दीड फूट होतो हे कुणी सांगितलं नाही. मग एक दिवस तो 'पुण्य' म्हणून नदीत सोडला जातो. उजनीच्या कोळ्यांना विचारा त्या पुण्याबद्दल, हा दक्षिण अमेरिकेतला मासा त्यांच्या जाळ्यात येऊन जाळी फाडतो. पेजेत तरी कुणी सोडू नका.

यात अवघड काही नाही हो. माझ्या आत्ताच्या तीन फुटी टाकीत पहिले सहा आठवडे फक्त पाच झेब्रा डॅनिओ होते. शेजारपाजारचे विचारत, एवढ्या मोठ्या टाकीत एवढेसेच? नंतर सहा कोरीडोरास आले, त्यानंतर महिन्याने गुरामीची जोडी. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, हायपो टाकून. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, नळाखाली कधीच नाही. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. थंडीत आमच्याकडे पहाटे पाणी वीसच्या खाली उतरतं, तेव्हा हीटर. झालं. कंटाळवाणं आहे, मान्य. नऊ रंगीत मासे एकदम सोडण्यात जी मजा आहे ती यात नाही.

यावर माझ्या एका मित्राचं म्हणणं असं की अरे, माणसाला बरं वाटतं ना, मग तुझं काय जातं? आजारी माणसाच्या घरी मेलेल्या माशाने थोडा धीर दिला तर देऊ दे. बरीच वर्षं मलाही हेच पटत होतं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. अण्णांना धीर मिळत होता आणि मला माझी चूक सांगावी लागत नव्हती. त्या दोन गोष्टींतली खरी कोणती, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. आणि धीर तरी कसला? अण्णा २०१५ साली गेले, हृदयविकाराने, दुपारी जेवून उठल्यावर. टाकीतले सगळे मासे ठणठणीत होते. वीस-बावीस असतील, पंचनाम्याला बसल्यासारखे काचेशी येऊन आमच्याकडे बघत होते. दिवसकार्याला आलेलं कुणीतरी टाकीकडे बघून म्हणालंच, "एकानेही काही केलं नाही बघ." धीर देणाऱ्या वाक्याची दुसरी बाजू ही. मासे मेले तर पुण्यवान, जगले तर कृतघ्न.

वहिनींचा राग आता गेलाय. उरलेले तीन मासे, त्यात तो काळाही आहे, सध्या माझ्याकडे एका जुन्या टाकीत आहेत. माझ्या फिल्टरमधला अर्धा स्पंज मी त्यांच्या टाकीत लावून दिलाय आणि त्यात चार डॅनिओ सोडलेत. पट्टीवर अमोनिया शून्य दिसेपर्यंत आणखी काही आणायचं नाही असं ठरलंय. गोल्डफिशसाठी मोठी टाकी घ्यावी लागेल हे मी अजून सांगितलेलं नाही, जरा दमाने सांगेन.

हे सगळं झाल्यावर परवा नेरळला गेलो होतो. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला २००७ची ती रात्र पहिल्यांदा सांगितली. नळाचं पाणी, टीसीएल, स्पंज, कपाटातला हायपो, सगळं. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा 'असू दे रे, देवाची करणी' म्हणेल. ती बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली.

मग म्हणाली, "तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

मी म्हटलं, हो.

"मग दादा रोज हात जोडायचा, तेव्हा का नाही सांगितलंस त्याला?"